सुईणीची सोबत

मुळशी म्हटले की आम्हांला १९२१चा धरणविरोधी सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात; त्याच डोंगरांतल्या बाळंतपणांचा इतिहास मात्र आमच्या वाचनात येत नाही. पावसाळ्यात ओढे भरले की दवाखाना दूरच. आम्ही जिला दाई म्हणतो आणि शेजारी सुईण, ती पहिल्या कळेपासून वार पडेपर्यंत बाईपाशी बसून राही. कंबर चोळी, धीर देई. रक्त थांबेना, मूल आडवे आले, तर तिचा इलाज खुंटे. कित्येकजणी त्यात दगावल्या, हे विसरता कामा नये.

१९७७नंतर सरकारने ग्रामीण आरोग्य योजनेत दायांना प्रशिक्षण दिले. २००५च्या जननी सुरक्षा योजनेने दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैशांचे साहाय्य दिले. डॉक्टर हाताशी आले, पण सोबत बहुधा दाराबाहेरच राहिली. २०१६ मध्ये केंद्राने सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीणीला मुभा दिली. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात जगभरच्या पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांचा हिशेब आहे : अखंड सोबत मिळाली तिथे नैसर्गिक प्रसूती वाढल्या, सिझेरियन घटले.

दवाखाना हवाच. पण उशाशी बसणारी बाईही आमच्या लेकीसुनांचा हक्क आहे. तो आम्हीच मागायला हवा.