ब्राह्मी : एका नांवाचा इतिहास



परीक्षेचे दिवस जवळ आले, कीं पालक शिक्षकाला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘‘गुरुजी, मुलाला ब्राह्मी सुरू करूं का?’’ माझ्या नोकरीच्या काळांत हा प्रश्न मीं कितीदां तरी ऐकला, आणि ‘‘करा, अपाय तर कांहीं नाहीं’’ असें उत्तरही दिलें. पुढें सवडीनें या वनस्पतीचा इतिहास चाळला, तेव्हां आपलें उत्तर किती उथळ होतें तें ध्यानांत आलें.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनांचा आहे. त्याच्या तिसऱ्या पादांत बुद्धि वाढविणारीं चार रसायनें सांगितलीं आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. यांत शंखपुष्पीला विशेष मान दिला आहे. आश्चर्य असें कीं, या चौघांत ब्राह्मीचें नांवच नाहीं! ती भेटते अपस्माराच्या चिकित्सेंत. तेथें तिचा रस, वेखंड, कोष्ठ आणि शंखपुष्पी यांनीं जुनें तूप सिद्ध करावयास सांगितलें आहे. सुश्रुतानें बुद्धि व आयुष्य यांची इच्छा करणाऱ्यांसाठीं स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि त्यांत मंडूकपर्णी व ब्राह्मी यांचे प्रयोग वेगवेगळे दिले. पुढें वाग्भटानें तर नवजात बालकाला चाटविण्याच्या औषधांतही ब्राह्मी, शंखपुष्पी व वेखंड यांना स्थान दिलें. आपल्याकडील बाळगुटींतील वेखंडाचा वेढा हा याच परंपरेंतला होय.

म्हणजे प्राचीनांच्या दृष्टीनें मंडूकपर्णी आणि ब्राह्मी या दोन निराळ्या वनस्पति होत्या. परंतु कालांतरानें नांवांची सरमिसळ झाली. एक वनस्पति ओलसर जागीं पसरणारी. तिचीं पानें लहान, जाडसर व रसाळ, फुलें पांढरट-निळसर आणि चव अत्यंत कडू. हिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतात. शास्त्रज्ञ तिला बॅकोपा मॉनिएरी म्हणतात. दुसरीचें पान लांब देंठावरचें, गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचें व कातरलेल्या कडेचें. ती सेंटेला एशियाटिका. हिलाच कानडींत ओंदेलग आणि तामिळींत वल्लारै म्हणतात, व तेथें ती भाजीसारखी खातात. उत्तरेंत आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं ही गोल पानांचीच वनस्पति ब्राह्मी म्हणून विकली गेली, तर केरळांतील वैद्य पहिलीलाच ब्राह्मी मानीत आले. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशानें आतां बॅकोपाला ब्राह्मी आणि सेंटेलाला मंडूकपर्णी हीं नांवें ठरवून दिलीं आहेत. तथापि बाजारांतली पुडी नेहमीं कोश वाचून बांधलेली असतेच असें नाहीं.

लखनौ येथें १९५१ सालीं मध्यवर्ती औषधि संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील शास्त्रज्ञांनीं साठाव्या वर्षानंतरच्या दशकांत बॅकोपापासून बॅकोसाइड नांवाचीं द्रव्यें वेगळीं केलीं, आणि ब्राह्मी वैद्याच्या खलांतून प्रयोगशाळेंत आली. ऑस्ट्रेलियांत २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ४६ निरोगी माणसांपैकीं कांहींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, तर कांहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली. बारा आठवड्यांनंतर अर्क घेणाऱ्यांची शिकण्याची गति व स्मृति यांत सुधारणा आढळली. २००२ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत ४० ते ६५ वयाच्या ७६ व्यक्ति होत्या. त्यांत शिकण्याचा वेग वाढला नाहीं, मात्र शिकलेलें विसरण्याचें प्रमाण कमी झालें. यावरून दोन गोष्टी निघतात. ब्राह्मींत गुण असण्याचा संभव आहे. पण तो दिसावयास महिने लागतात. परीक्षेच्या आठवडाभर आधीं दिलेल्या गोळीनें धडा पाठ होईल, ही आशा व्यर्थ होय.

अपायाचें काय? बॅकोपानें कित्येकांना मळमळ होते व पोट बिघडतें. शिवाय २००४ सालीं अमेरिकेंत बोस्टनच्या परिसरांतील दुकानांतून घेतलेलीं ७० आयुर्वेदीय औषधें तपासलीं, तेव्हां १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल सांपडला. हा दोष कोणत्याही एका वनस्पतीचा नव्हे, तयार करण्याच्या रीतीचा. परंतु घेणाराच्या शरीराला हा भेद कळत नाहीं. खोट्या जाहिरातींना आळा घालण्यासाठीं १९५४ सालीं कायदा झाला, आणि मेंदूचे विकार बरे करण्याचा दावा जाहिरातींतून करण्यास त्यानें मनाई केली. तरीही आकर्षक डबीवरचीं मोघम वचनें आपण वाचतोंच.

आणि एक अपाय मीं स्वतः पाहिला. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. वाचलेलें त्याला आठवत नसे. घरच्यांनीं दोन वर्षें त्याला ब्राह्मीघृत दिलें, आणि त्या सल्ल्याला मीही मान डोलावली होती. अखेर एकदां त्याला पहिल्या बाकावर बसविलें, तेव्हां उमगलें कीं, त्याला फळ्यावरचें दिसतच नव्हतें! चष्मा लागला आणि मुलगा सुधारला. तुपानें त्याचें कांहीं बिघडविलें नाहीं. पण त्या तुपावर विसंबून आम्हीं त्याचीं दोन वर्षें घालविलीं.

चरकानें त्याच रसायनाध्यायाच्या शेवटल्या पादांत आचाररसायन सांगितलें आहे : सत्य बोलणें, राग आवरणें, निद्रा व जागरण यांचा मेळ ठेवणें, दूध-तुपाचा आहार घेणें. यांतलें वनस्पतीचें तेवढें आपण उचललें, आणि आचाराचें ग्रंथांतच राहूं दिलें. मनावर ताण आलेल्या मुलाला पुरी झोंप मिळते का, त्याला दिसतें-ऐकूं येतें का, घरीं त्याला कोणाचें भय वाटतें का, हें आधीं पाहावें. मग ब्राह्मी द्यावयाचीच असेल, तर जाणत्या वैद्याला विचारून, ओळखून द्यावी. आज कोणी मला तो जुना प्रश्न विचारील, तर माझें उत्तर हेंच राहील.