सोनेरी खुर्चीचा कर्ता कोण?

अठराव्या शतकातली पॅरिसची सोनेरी खुर्ची उलटी करून पाहिली, तर बैठकीच्या चौकटीखाली कधीकधी एक नाव ठोकलेले दिसते. उदाहरणार्थ, जॉर्ज जाकोबचे. सुतारांच्या संघाने शतकाच्या मध्यास असा ठसा सक्तीचा केला; 1791 मध्ये संघच बरखास्त झाले. ठसा सापडला की कर्ता सापडला, असे आपण मानतो. पण खुर्ची एकट्याची नसे. चौकट सुताराची, फुलेपाने नक्षीकाराची. खडू-सरसाचे थर चढवून त्यावर सोन्याचा वर्ख बसवणारा वेगळा, रेशीम ताणणारा गादीवाला आणखी वेगळा. ठसा मात्र सुताराचाच. शिवाय राजदरबाराचे काम करणाऱ्या कित्येकांना ठशाची सक्ती नव्हती. तेथे शाही कोठाराच्या नोंदी आणि खुर्चीवरचे क्रमांक जुळवावे लागतात.

ठसा खोटाही असू शकतो. लुई दलानुआच्या नावावर खपवलेल्या बनावट खुर्च्या थेट व्हर्सायच्या संग्रहात पोहोचल्या. 2016 मध्ये हे प्रकरण फुटले, तेव्हा त्यात एक नामांकित जाणकारच सामील निघाला. म्हणून नावाआधी लाकूड, सांधे आणि सोन्याखालचे थर तपासावेत. ज्यांचे नाव खुर्चीवर कधी उमटलेच नाही, त्या कारागिरांची साक्ष तेथेच मिळते.