जलपाताचा निवाडा : भूमिकाखेळांतील एका नियमाचा इतिहास आणि मावळातील पाणी

१

खेळांच्या नियमांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची प्रथा मराठी संशोधनात फारशी रुजलेली नाही. सनदा, महजर, करीने आणि बखरी यांना जे महत्त्व मिळाले, ते नियमपुस्तिकांना मिळाले नाही, कारण त्या करमणुकीच्या वस्तू समजल्या गेल्या. वस्तुतः खेळाचा नियम हा एक प्रकारचा निवाडाच असतो. अमुक घडले असता त्याचे फळ काय, हे तो आधीच सांगून ठेवतो. त्यामुळे नियम रचणाऱ्या समाजाची कार्यकारणाविषयीची समजूत त्यात आपोआप नोंदली जाते.

उंचावरून पाण्यात पडणे किंवा उडी घेणे या एका घटनेचा विचार केला, तर हे विधान स्पष्ट होते. मोक्षपटात पतन आहेच. महाराष्ट्रात त्या पटाचा संबंध परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. परंतु त्या पतनाला उंची नाही आणि खाली काय आहे याचा विचारही नाही. सर्पाच्या मुखी सोंगटी आली की ती शेपटाशी उतरते, आणि ती तेथे का आली याचे उत्तर केवळ दानात असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आलेल्या टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम या प्रकारात, म्हणजे भूमिकाखेळात, हा क्रम उलटा झाला. येथे खेळाडू एका कल्पित व्यक्तीची भूमिका घेतो आणि ती काय करते ते तोंडाने सांगतो. सूत्रधार परिस्थितीचे वर्णन करतो, आणि जेथे फळ अनिश्चित असेल तेथेच फासे टाकले जातात. उडी मारणे हा खेळाडूचा निर्णय आणि इजा किती हा फाशाचा विषय, अशी येथे कामाची वाटणी असते. म्हणून खाली पाणी आहे की खडक, आणि पाणी असल्यास किती, हा प्रश्न या खेळात प्रथमच निवाड्यास आला.

२

या निवाड्याचे मूळ युद्धखेळात आहे. प्रशियाचा लष्करी अधिकारी रायस्विट्झ याने इ. स. १८२४ मध्ये क्रीगस्पील या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर सैन्याचे ठोकळे, हानी ठरविण्यास फासे व कोष्टके, आणि दोन्ही पक्षांच्या आज्ञा ऐकून फल जाहीर करणारा पंच, अशी त्याची रचना होती. इ. स. १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्न्वा याने कोष्टकांचे ओझे दूर सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला. कोष्टक श्रेष्ठ की पंचाची जाण श्रेष्ठ, हा वाद तेव्हापासून या खेळांच्या इतिहासातून वाहत आला आहे.

युद्धखेळाच्या दृष्टीने पाणी म्हणजे अडथळा आणि नाश. या दृष्टीचे वास्तव उदाहरण मावळातच सापडते. इ. स. १७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांच्या फौजेने तळेगावाहून रात्री माघार घेतली, तेव्हा जड तोफा तेथील तळ्यात लोटून दिल्या. पुढे वडगाव येथे त्यांना करार करणे भाग पडले. तळ्यात गेलेली तोफ किती उंचीवरून पडली, याची चौकशी कोणी करीत नाही. जड वस्तू पाण्यात गेली म्हणजे ती गेली.

हीच समजूत पहिल्या भूमिकाखेळात उतरलेली दिसते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ इ. स. १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. तिसऱ्या पुस्तिकेत नौकायुद्धाचे नियम आहेत. त्यांत पाण्यात पडलेल्या योद्ध्याचे भवितव्य त्याच्या अंगावरील चिलखतावर सोपविले आहे. चिलखत जितके जड, तितकी बुडण्याची शक्यता अधिक. पाण्याचा आघात हा विचार येथे नाही. पाणी खेळात आले ते बुडविणारे म्हणून आले.

३

जमिनीवरील पतनाचा नियम याच काळात स्थिरावला. इ. स. १९७८ च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीतील नियमाप्रमाणे दर दहा फुटांस सहा बाजूंचा एक फासा टाकावयाचा, अधिकाधिक वीस फासे, आणि येईल ती बेरीज खेळाडूच्या जीवबळातून वजा करावयाची. एका फाशाची सरासरी साडेतीन. म्हणजे तीस फुटांवरून पडणाऱ्यास सरासरीने साडेदहा गुणांची इजा होते. नवख्या वीरास ती प्राणघातक असते, तर मुरलेल्या वीरास किरकोळ.

या किरकोळपणामुळेच वाद उद्भवला. इ. स. १९८३ मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकातून असे प्रतिपादन करण्यात आले की, फासे चढत्या श्रेणीने मोजावयास हवेत : पहिल्या दहा फुटांस एक, दुसऱ्या दहास दोन, तिसऱ्या दहास तीन. अशा हिशेबाने तीस फुटांस सहा व पन्नास फुटांस पंधरा फासे होतात. पुढील वर्षी त्याच मासिकात पदार्थविज्ञानाच्या आधारे उलटसुलट चर्चा झाली.

पदार्थविज्ञानाचा कौल सरळ आहे. हवेचा विरोध सोडून दिल्यास पडणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा उंचीच्या प्रमाणात वाढते, तर वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट झाली तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग सुमारे १·४ पटच होतो. म्हणजे दर दहा फुटांस एक फासा हा जुना, भोळा वाटणारा नियमच ऊर्जेच्या हिशेबाशी जुळणारा होता. तथापि इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट वेगळी आहे. हा वाद उंचीभोवती फिरत राहिला. देहाला इजा होते ती केवळ ऊर्जेमुळे नव्हे, तर ती ऊर्जा किती अंतरात आणि किती वेळात शोषली जाते यामुळे. खडक ती काही अंगुळांत शोषतो, खोल पाणी काही हातांत. पतनाचा खरा प्रश्न ‘किती उंचावरून’ इतकाच नसून ‘कशावर आणि कशात’ असाही आहे, हे त्या वादात पुरते पुढे आले नाही.

४

पाण्यासंबंधी तपशीलवार नियम तिसऱ्या आवृत्तीत आढळतो. ही आवृत्ती इ. स. २००० मध्ये निघाली व इ. स. २००३ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाली. सुधारित पाठाचा आशय असा : पाणी निदान दहा फूट खोल असेल, तर पतनाच्या पहिल्या वीस फुटांस इजा नाही. पुढील वीस फुटांस दर दहा फुटांमागे तीनपर्यंत अंक देणारा फासा टाकावयाचा, आणि ती इजा प्राणघातक नव्हे, केवळ गुंगी आणणारी. त्यापलीकडे नेहमीचा हिशेब.

बुद्ध्या सूर मारणाऱ्यास वेगळा न्याय आहे. पोहण्याच्या किंवा कसरतीच्या कौशल्याची परीक्षा वीस बाजूंच्या फाशाने घ्यावयाची. कौशल्याचे गुण धरून पंधरा किंवा अधिक आले, तर काहीच इजा नाही. मात्र पतनाच्या दर तीस फुटांस दहा फूट पाणी असलेच पाहिजे. शिवाय उडीच्या दर पन्नास फुटांस ही परीक्षा पाचाने अवघड होते.

या छोट्या परिच्छेदात तीन स्वतंत्र कसोट्या आहेत : पाण्याची खोली, उडी घेणाऱ्याचा हेतू आणि त्याचे कौशल्य. त्यांपैकी खोलीची कसोटी फाशाच्या आधी येते. पाणी उथळ असेल, तर उत्तम दानही सूर मारणाऱ्यास वाचवीत नाही. येथे कोष्टक आणि पंचाची जाण यांचा जुना वाद काहीसा मिटलेला दिसतो. खोली सूत्रधाराने सांगावयाची, आणि पुढचे काम फाशाचे.

५

हा नियम कितपत खरा, हे प्रत्यक्ष पाण्यावर तपासून पाहणे उचित ठरेल. पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्यामधील कान्हे हे गाव यासाठी सोयीचे आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यातील या भागात विहीर, पावसाळी नदी आणि धरण हे पाण्याचे तीनही प्रकार थोड्या अंतरात आढळतात.

विहिरीचा विचार प्रथम करू. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकणे, आणि पुढे उभी उडी, मुटका व सूर अशा पायऱ्या चढणे, हा ग्रामीण महाराष्ट्रातील जुना शिक्षणक्रम आहे. विहिरीचे पाणी फुटांत न मोजता परसांत मोजले जाई. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या पुरुषाची उंची. हे माप माणसाच्या देहावरूनच घेतलेले असल्याने, उडी घेणाऱ्यास विचारावयाचा प्रश्न त्या मापातच सामावलेला आहे.

विहिरीचे एक वैशिष्ट्य नदीला नाही. तिचा काठ आणि तळ दोन्ही स्थिर असतात. म्हणून पाणी एक फूट उतरले की उडीची उंची एक फुटाने वाढते आणि त्याच वेळी खोली एक फुटाने घटते. धोका दोन्ही बाजूंनी वाढतो. काठापासून तळापर्यंत चाळीस फूट विहीर धरली, तर तीस फुटांस दहा फूट या नियमाची मर्यादा नेमकी दहा फूट पाण्याशी येते. सर्वसाधारणपणे सांगावयाचे, तर विहिरीचा चौथा हिस्सा पाण्याने भरलेला असला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास तीत वीस फूट पाणी असेल, तर वीस फुटांची उडी निर्धास्त ठरते. वैशाखात तेच पाणी आठ फुटांवर आले, की उडी बत्तीस फुटांची होते आणि नियमाप्रमाणे सुमारे पावणेअकरा फूट पाणी हवे असते. आठ फूट म्हणजे परसाहून काहीसे अधिक. काठावरून पाहणाऱ्यास ते पुरेसे वाटते, आणि घात होतो तो येथेच.

क्रीडेतील मानाशी तुलना केली, तर हा नियम उदारच ठरतो. दहा मीटरच्या मंचाखाली साडेचार ते पाच मीटर पाणी अपेक्षित असते, म्हणजे उंचीच्या जवळजवळ निम्मे. खेळाच्या नियमाने तेथे सुमारे साडेतीन मीटर पुरते. निम्म्याचे मान विहिरीस लावले, तर चौथ्याऐवजी तिसरा हिस्सा पाणी हवे. पाण्याशी गाठ पडताना वेग किती असतो, हेही ध्यानी घेतले पाहिजे. दहा मीटरांवरून तो ताशी सुमारे ५० किलोमीटर होतो. पुरुषांच्या उच्च सूरस्पर्धेत २७ मीटरांवरून तो ताशी ८० किलोमीटरांच्या वर जातो, आणि म्हणून तेथे स्पर्धक डोक्यावर न येता पायांवर पाण्यात शिरतात. इतक्या उंचीवर कौशल्य म्हणजे देहाची ठेवण हेच होय. ती चुकून देह आडवा आपटला, तर पाण्याचा मऊपणा उपयोगी पडत नाही.

नदीची गोष्ट निराळी. पावसाळ्यात इंद्रायणीचे पाणी गढूळ असते. खोली डोळ्यांस दिसत नाही, आणि खडकाळ पात्रात ती चार पावलांवर बदलते. कान्ह्याच्या खालच्या अंगास, तळेगाव दाभाड्याजवळील कुंडमळा येथे, १५ जून २०२५ रोजी नदीवरील जुना लोखंडी पूल माणसांसह कोसळला व चौघांचा मृत्यू झाला. पाण्यात पडलेल्यांपैकी कोणीही उडी घेतलेली नव्हती. हेतू आणि तयारी यांचा भेद नियमात का असावा, हे अशा घटनांवरून कळते. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून जाऊन मरण पावले, तेथे तर उंचीचा प्रश्नच नव्हता. प्राण घेतले ते ओढीने. तिसऱ्या आवृत्तीने ही ओढ पतनापासून वेगळी काढून पोहण्याच्या परीक्षेत ठेवली आहे : शांत पाण्यास दहा, खवळलेल्यास पंधरा, वादळी पाण्यास वीस. ही विभागणी वास्तवाला धरून आहे.

६

नियमाचा पुढील प्रवास मात्र सरळ प्रगतीचा नाही. इ. स. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत खेळाडूंच्या पुस्तकातील पतनाचा नियम पुन्हा दर दहा फुटांस एक फासा, कमाल वीस, इतकाच उरला, आणि पाण्याचा वेगळा उल्लेख गेला. इ. स. २०२० च्या एका पुरवणी ग्रंथात ऐच्छिक नियम म्हणून पाणी परत आले. पडणाऱ्याने आयत्या वेळी देह सावरून डोक्यावर किंवा पायांवर पाण्यात शिरण्याचा प्रयत्न करावा, आणि पंधराची परीक्षा साधल्यास इजा निम्मी व्हावी. इ. स. २०२४ च्या नियमपुस्तकाने हाच नियम मुख्य पाठात घेतला.

यात देहाची ठेवण राहिली, पण खोलीची अट गेली. हेतूचा भेदही पुसट झाला, कारण पडणारा आणि सूर मारणारा दोघांसही एकच न्याय. सुटसुटीतपणाचा लाभ उघड आहे. पाच माणसे पटाभोवती बसली असता कोष्टके उलगडीत बसणे रसभंग करणारे असते. परंतु नियमातून गेलेली गोष्ट खेळातून जात नाही. ती सूत्रधाराकडे जाते. उथळ पाण्यात सूर मारणाऱ्याचे काय, हा प्रश्न आता नियमपुस्तकाऐवजी सूत्रधाराच्या जाणीवेवर सोपविला गेला आहे. फेर्डी द्यु व्हेर्न्वाच्या पक्षाचा हा एक प्रकारे विजयच म्हणावा लागेल.

सूत्रधाराने हा अधिकार कसा वापरावा, याचे उत्तर विहिरीच्या काठावरच्या रीतीत मिळते. तेथे खोली उडीच्या आधी विचारली जाते, नंतर नव्हे. कोणीतरी पायऱ्यांनी उतरून तळ अजमावतो, आणि मग वरचा उडी घेतो. खेळातही खेळाडूने निर्णय सांगण्यापूर्वीच सूत्रधाराने पाणी किती दिसते, तळ दिसतो की नाही, ओढ आहे की नाही, हे सांगितले पाहिजे. न दिसणारी खोली अजमावण्याची संधीही दिली पाहिजे. उडीनंतर उथळपणा जाहीर करणे हा निवाडा नव्हे. तो सर्पाच्या मुखी सोंगटी आणून ठेवण्याचाच प्रकार आहे.

एका लहान नियमाच्या पन्नास वर्षांच्या या प्रवासातून इतके हाती लागते. पाणी प्रथम बुडविणारे म्हणून आले, नंतर झेलणारे म्हणून, आणि शेवटी देह सावरणाऱ्यास अर्धी सूट देणारे म्हणून उरले. मधल्या थोड्या वर्षांत मात्र नियमपुस्तकाने तोच प्रश्न फाशाच्या आधी विचारला, जो विहिरीचा काठ परसाच्या मापाने विचारीत आला आहे : पाणी किती आहे?