तळटीप : लेकींचा वाटा आणि हक्कसोडपत्र

* पेडगाव (जि. परभणी) हैदराबाद राज्यात असतानाच, जून १९५६ मध्ये, हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला, त्याने पित्याच्या हिश्श्यात कन्येस वाटा दिला, तरी सहदायकी, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील जन्मसिद्ध भागीदारी, पुत्रांकडेच राखली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून ती कन्येसही दिली खरी, परंतु तत्पूर्वी विवाहित झालेल्या कन्यांना वगळून. म्हणजे दिली लेक परक्या घरची, ही चावडीवरची समजूतच समतेच्या कायद्यात कलम होऊन बसली. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत हा अपवाद राहिला नाही. मिळालेला वाटा भावांसाठी सोडून देणाऱ्या हक्कसोडपत्रास मात्र कायद्याची आडकाठी नाही. आणि माहेर तुटेल या धास्तीने बहिणीने त्यावर उमटविलेला अंगठा (प्रस्तुत संपादकास ही संमती म्हणणे जड जाते) तलाठ्याच्या दप्तरी स्वेच्छा म्हणूनच फेरफारास चढतो.