मुक्या घोड्याचं दुखणं

आमच्या आयटीच्या धंद्यात प्रोग्राम बिघडला की एरर मेसेज तरी येतो. घोड्याचं तसं नाही. आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यकाला शालिहोत्र म्हणत. पण भीमथडीच्या तट्टाच्या आत काय बिघडलंय, याचा वैद्याला अंदाजच बांधावा लागे.

इथे अमेरिकेत घोडे ट्रेलरमधून शेकडो मैल नेतात. डोकं तासन्‌तास वर बांधलेलं राहिलं, की घोड्याला मान खाली घालून श्वासनलिकेतली घाण बाहेर टाकता येत नाही. मग फुफ्फुसाला संसर्ग होतो, कधी छातीत पाणी साचतं, आणि उशीर झाला तर घोडा दगावतो. एक्स-रेमध्ये त्या पाण्याआडचं फुफ्फुस झाकलं जातं.

ध्वनिलहरींचं हे तंत्र पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी विकसित होऊ लागलं. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी त्याने माणसाचं पोट तपासल्याचं प्रसिद्ध केलं. १९८१ साली नॉर्मन रँटानेन आणि सहकाऱ्यांनी घोड्याच्या छातीतलं पाणी अल्ट्रासाउंडने ओळखण्याबद्दल लिहिलं. पाणी काढायची सुई नेमकी कुठे घालावी, हे पडद्यावर दिसू लागलं! १९९८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हर्जिनिया रीफ यांचा या विषयावरचा ग्रंथ आला.

अर्थात, या लहरी हवेपुढे हरतात. हवेने भरलेल्या निरोगी फुफ्फुसाआड खोलवर असलेलं गळू त्यांना दिसत नाही. म्हणून यंत्र कितीही चांगलं असलं तरी पहिला उपाय जुनाच: वाटेत थांबावं आणि घोड्याला मान खाली घालू द्यावी.