मासे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठणे: ॲलर्जी की हिस्टामिनची विषबाधा?

मालवण, तारकर्ली किंवा अलिबागला फिरायला गेले की दुपारी माशांची थाळी ठरलेलीच असते. बहुतेकांना तिचा काही त्रास होत नाही. कधीकधी मात्र जेवण संपेपर्यंत चेहरा लाल होतो, डोके ठणकू लागते आणि अंगाला खाज सुटते. मग काही जण ‘मला माशांची ॲलर्जी आहे’ असे ठरवून मासे कायमचे सोडतात. काही जण ‘उष्णता झाली असेल’ म्हणत खऱ्या ॲलर्जीकडे दुर्लक्ष करतात आणि ते जिवावर बेतू शकते. दिसायला सारख्या असलेल्या या दोन त्रासांतला फरक म्हणूनच ओळखता यायला हवा.

हिस्टामिनची विषबाधा कशी होते?

बांगडा, तारली, सुरमई, कुपा म्हणजेच ट्यूना अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यानंतर लगेच बर्फात ठेवला नाही, तर जिवाणू वाढतात आणि हिस्टिडिनचे हिस्टामिनमध्ये रूपांतर करतात. होडी, बंदर, टेम्पो आणि खानावळीचे स्वयंपाकघर यांपैकी कुठेही मासा काही तास उन्हात किंवा उबदार जागी राहिला, तरी हे घडू शकते.

एकदा तयार झालेले हिस्टामिन तळल्याने, उकळल्याने किंवा नंतर फ्रीझरमध्ये ठेवल्याने नष्ट होत नाही. मासा दिसायला, वासाला चांगला असूनही त्यात ते असू शकते. त्यामुळे ‘मासा कडक तळला होता’ म्हणजे धोका नाही, असे समजू नका.

लक्षणे

साधारणपणे खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून तासाभरात त्रास सुरू होतो:

• चेहरा, मान आणि छाती लाल व गरम होणे
• डोकेदुखी, छातीत धडधड
• तोंडात जळजळ किंवा मिरीसारखी तिखट चव
• अंगावर पित्ताच्या गांधी, खाज
• मळमळ, पोटात कळा, जुलाब

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ असेल तर जिभेला मुंग्या येणे स्वाभाविक आहे. पण त्याने मान आणि छाती लाल होत नाही.

ही विषबाधा बहुधा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरते. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना ती जास्त जड जाऊ शकते. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांनाही त्रास वाढतो, कारण हे औषध शरीरात हिस्टामिनचे विघटन होऊ देत नाही.

ॲलर्जी वेगळी कशी?

ॲलर्जीत दोष माशाच्या ताजेपणाचा नसतो. तुमची प्रतिकारशक्ती माशातल्या प्रथिनाला शत्रू समजते. पुढील गोष्टी तपासा:

• किती जणांना त्रास झाला? एकाच ताटातला मासा खाल्लेल्या अनेकांना झाला, तर हिस्टामिनची शक्यता जास्त. एकट्यालाच झाला, तर ॲलर्जीचा संशय घ्या.
• पूर्वी काय झाले? तोच मासा आजवर अनेकदा विनात्रास खाल्ला असेल, तर हिस्टामिनकडे बोट जाते. दर वेळी त्रास होत असेल, तर ॲलर्जीकडे.
• काय खाल्ले? कोळंबी, खेकडे, शेवंड यांनंतर त्रास झाला असेल, तर आधी ॲलर्जीचा विचार करावा. कवचधारी प्राण्यांची ॲलर्जी मोठ्या वयातही पहिल्यांदा होऊ शकते.

हे ठोकताळे आहेत. धोक्याची लक्षणे दिसली तर फरक शोधत बसू नका.

लगेच काय करावे?

श्वास लागणे, छातीत घरघर, आवाज बसणे, जीभ, ओठ किंवा घसा सुजणे, चक्कर किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले तर १०८ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. चक्कर येत असेल तर रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या. त्याला उठवून चालवू नका. यावर मुख्य उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबा, कारण लक्षणे परत उलटू शकतात.

त्रास फक्त लाली आणि खाज इतकाच असेल, तर उरलेला मासा खाणे थांबवा. प्रौढांना सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची एक गोळी बहुधा पुरते. मुले, गर्भवती आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गोळीने झोप येऊ शकते, त्यामुळे लगेच गाडी चालवू नका. मद्य टाळा. मुद्दाम उलटी काढू नका. जुलाब होत असतील तर ओआरएस घ्या.

‘पित्तावर सोलकढी प्या’ हा सल्ला हमखास मिळतो. सोलकढी चवीला उत्तम असली, तरी ती हिस्टामिन निकामी करत नाही आणि ॲलर्जीही थांबवत नाही. तिच्या भरवशावर वेळ घालवू नका.

खानावळीत काय पाहाल?

• ‘मासा कधी आला, बर्फात होता का?’ असे विचारा. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते, तेव्हा मासा फ्रोझन किंवा बाहेरून आलेला असण्याची शक्यता जास्त.
• कच्चा मासा निवडायला दिला, तर लाल कल्ले, चमकदार डोळे आणि घट्ट मांस पाहा. बर्फाशिवाय मांडलेला मासा घेऊ नका.
• पहिल्याच घासाला तिखट, धातूसारखी चव लागली किंवा तोंड भाजल्यासारखे झाले, तर तो मासा बाजूला ठेवा.
• ॲलर्जी असेल तर ‘कोळंबी नको’ एवढे सांगून भागत नाही. तोच तवा आणि तेच तेल वापरतात का, हेही विचारा.

नंतर डॉक्टरांना काय सांगाल?

कोणता मासा, किती वाजता खाल्ला, किती वेळाने त्रास झाला आणि आणखी कोणाला झाला, हे लिहून ठेवा. लाल झालेल्या त्वचेचा फोटो काढा. गरजेनुसार त्वचेवरची प्रिक चाचणी किंवा रक्ततपासणी करून ॲलर्जीचे निदान करता येते. हिस्टामिनचीच विषबाधा होती असे ठरले, तर नीट बर्फात ठेवलेला ताजा मासा तुम्ही पुन्हा खाऊ शकता. तोवर स्वतःच्या मनाने ‘थोडासा खाऊन बघू’ असा प्रयोग करू नका.