ईम गावाची सीमा

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील ईम या डोंगराळ खेड्यात १६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस लंडनहून एका शिंप्याकडे कापड आले व त्याबरोबर प्लेग आला, असे परंपरा सांगते. ७ सप्टेंबर रोजी त्या घरातील कारागीर मरण पावला. हिवाळ्यात साथ मंदावली. परंतु १६६६ च्या जूनमध्ये ती पुन्हा भडकली व लोक गाव सोडण्याचा विचार करू लागले.

गावचे पाळक विल्यम मॉम्पेसन तरुण व नवखे होते. त्यांच्यापूर्वीचे थॉमस स्टॅनले यांनी १६६२ चा एकरूपतेचा कायदा मानला नव्हता, म्हणून त्यांस पद गमवावे लागले होते. लोकांचा विश्वास मात्र स्टॅनले यांच्यावरच होता. उपासनाविधीविषयी तीव्र मतभेद असलेले हे दोघे आता एकत्र उभे राहिले. त्यांच्या सांगण्यावरून लोकांनी तीन गोष्टी मान्य केल्या : प्रत्येक कुटुंबाने आपले मृत स्वतः पुरावे, मंदिर बंद ठेवून उपासना उघड्यावर करावी, आणि कोणीही गावाची सीमा ओलांडू नये.

डेव्हनशायरच्या अर्लने अन्नसामग्री पुरविली. लोक सीमेवरील दगडांच्या खळग्यांत व्हिनेगर घालून त्यात नाणी ठेवीत. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ हँकॉक या स्त्रीने आठ दिवसांत पती व सहा मुले स्वहस्ते पुरली. २५ ऑगस्टला पाळकांची पत्नी कॅथरिन निवर्तली. नोव्हेंबरपर्यंत सुमारे २६० जण मृत्यू पावले.

ही कथा निष्कलंक वीरगाथा म्हणून सांगण्याचा मोह आपण टाळावा. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच बाहेर पाठविली होती. काही सधन कुटुंबेही वेळीच निघून गेली होती. सीमा पाळण्याचा भार मुख्यतः ज्यांस जावयास ठिकाण नव्हते त्यांच्यावर पडला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ईममधील सुमारे तीनचतुर्थांश संसर्ग माणसांकडून माणसांस झाला. तसे असेल, तर बाहेरच्यांस वाचविणाऱ्या त्या सीमेची किंमत आतल्यांनी, एकाच छपराखाली राहून, फार जबर मोजली.

मित्रांसाठी प्राण देण्याविषयीचे प्रभूचे वचन आपण व्यासपीठावरून सहज उच्चारतो. ईमच्या लोकांनी ते अनोळखी शेजाऱ्यांसाठी पाळले. इतरांस त्याग करावयास सांगताना आपली मुले कोठे आहेत, हा प्रश्न आम्हां धर्मसेवकांस त्या सीमेवरील दगड अजूनही विचारीत आहेत.